नवा हर्मिट क्रॅब आला की आधी वेगळा ठेवायचा का? किती, कसा आणि कशात?

मधुरा_इंदूर

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी, सुदामा नगरात, जमिनीवर राहणारे चार हर्मिट क्रॅब आहेत. शंखात राहतात, रात्री फिरतात, दिवसा वाळूत दडून बसतात. आता पाचवा येतो आहे. ओळखीच्या एका कुटुंबाची बदली झाली, त्यांना नव्या गावी हा सांभाळणं जमणार नाही म्हणून त्यांनी आम्हाला विचारलं. आतापर्यंत तो जाळीच्या पिंजऱ्यात, कोरड्या खड्यांवर, रंगवलेल्या शंखात राहिला आहे. दुकानात जसा ठेवला होता तसाच त्यांनी मायेनं ठेवला, त्यांना कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं.

या विषयावर मराठीत सलग कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून धागा काढते आहे. मला जे पटलं आहे ते आधी मांडते, मग तुमचे अनुभव हवे आहेत.

नवा प्राणी थेट जुन्यांच्या टाकीत सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक कारण म्हणजे माइट, गोचिडीच्या नात्यातले बारीक जीव. ते पायांच्या सांध्यांत, डोळ्यांच्या मुळाशी, शंखाच्या आतल्या कडेला बसतात. एकदा खोल वाळूत पसरले की सगळी टाकी रिकामी करावी लागते, आणि वाळूखाली कुणी कात टाकत, म्हणजे जुनं कवच सोडत बसलेला असेल तर त्याला उकरून काढणं म्हणजे त्याचा जीव घेणं. दुसरं कारण नव्याच्या बाजूचं आहे. कोरड्यातून आलेला प्राणी थकलेला असतो. त्याचा शंख बरेचदा मापाचा नसतो. जुने चार जण मिशांनी त्याला चाचपणार, कुणीतरी त्याचा शंख धरून हलवणार. जो आधीच अशक्त आहे त्याला पहिल्याच रात्री हे सोसायला लावू नये.

पण 'वेगळा ठेवा' म्हटलं की लोक काय करतात? प्लॅस्टिकच्या डब्याला भोकं पाडतात, तळाला दोन बोटं वाळू, एक बाटलीचं झाकणभर पाणी, झालं. माझा सगळा आक्षेप इथे आहे. वेगळी टाकी ही पूर्ण टाकी हवी. या प्राण्याला कल्ले असतात. ते ओले राहिले तरच त्याला श्वास घेता येतो, म्हणून टाकीतली आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस लागतं. इंदूरच्या एप्रिल-मे मधल्या दुपारी बाहेरची हवा वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. भोकं पाडलेल्या डब्यात त्या हवेत तो हळूहळू गुदमरतो, आणि आपण म्हणतो 'आजारीच होता'.

माझी तयारी अशी. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची टाकी. वर जाळी नाही, काचच, कडेला बोटभर फट. आत ५ भाग वाळू आणि १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निदान १५ सेंटिमीटर खोल. वाळू आपली बांधकामाची नर्मदेची रेती, बारीक चाळणीनं चाळून, पाणी निवळ येईपर्यंत धुऊन, मग लोखंडी कढईत भाजून. कोकोपीट नर्सरीत विटेच्या आकारात मिळतं, खत न मिसळलेलं मागून घ्यायचं. दोन्ही ओलं करून मुठीत दाबलं की गोळा टिकला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये.

पाण्याची दोन भांडी, एक गोड, एक खारं. दोन्ही एवढी खोल की तो शंखासकट बुडेल, आणि दोन्हींत चढून यायला खडबडीत दगड किंवा नारळाची करवंटी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून मासे पाळणारे वापरतात ते अँटिक्लोरीन घालायचं. खारं पाणी मीठ घालून होत नाही. घरातलं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड, वर आयोडीन. समुद्री माशांच्या टाकीसाठी मिळणारं सागरी मीठ आणायचं, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळं असतं. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम.

शिवाय न रंगवलेले, गोल तोंडाचे चार-पाच शंख, तोंडाचं माप त्याच्या मोठ्या नांगीएवढं ते थोडं मोठं. उकळून, गार करून ठेवलेत.

मुदत मी ४ आठवडे धरली आहे. बहुतेक माइटचं अंड्यापासून मोठं होईपर्यंतचं चक्र तेवढ्यात एकदा तरी पूर्ण होतं, म्हणजे आज न दिसलेले पुढे दिसतील. मात्र तो मध्येच वाळूत शिरला तर ही मुदत रद्द.

तुम्ही कसं करता?

रामबागकर

मधुराताई, लिहिलंय छान, पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

माझ्याकडेही आहेत. मी नवा आणला की थेट मोठ्या टाकीत सोडतो. कारण असं की वेगळ्या टाकीत घातला, चार आठवड्यांनी काढून पुन्हा दुसरीकडे घातला, म्हणजे त्याला दोनदा घर बदलावं लागतं. दुकान, प्रवास, तुमची छोटी टाकी, मग मोठी टाकी. हा प्राणी कळपात राहणारा आहे. समुद्रकिनारी शेकड्यांनी एकत्र दिसतात. त्याला एकटा ठेवणं हाच ताण आहे. आणि हर्मिट क्रॅबचे रोग म्हणाल तर मासे किंवा पोपटांसारखी लांबलचक यादी कुठे आहे? मग एवढी तयारी कुणासाठी?

मोठी टाकी खोल असेल, शंख भरपूर असतील, खाणं भरपूर असेल तर भांडणं होत नाहीत. मी तरी असंच करून राहिलो आहे आणि करत राहीन.

मधुरा_इंदूर

रामबागकर दादा, तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. एकटेपणा वाईट, जागा बदलणं वाईट, आणि छोट्या डब्यातलं विलगीकरण तर थेट सोडण्यापेक्षाही वाईट. माझ्याकडे फक्त डबा असता तर मीही तुमच्यासारखंच केलं असतं.

पण रोगांची यादी छोटी आहे म्हणजे धोका छोटा, हे पटत नाही. यादी छोटी असण्याचं एक कारण असंही आहे की या प्राण्यांकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही. आणि माइटवर औषध नाही, हे विसरू नका. कुत्र्याला गोचीड झाली तर फवारा आहे. इथे जे माइटला मारेल ते खेकड्यालाही मारेल. मग एकच उपाय उरतो, ते आत येऊच द्यायचे नाहीत.

दुसरं, हा कुठून आला त्यावरही ठरतं. तुमच्याच दुसऱ्या टाकीतला, तुमच्याच हातांनी वाढलेला असेल तर वेगळा ठेवायचं कारण नाही. पण जाळीच्या पिंजऱ्यातून, ज्याचा इतिहास कुणालाच माहीत नाही असा आला, तर मी माझ्या चौघांच्या वतीनं सावध राहणार.

एकटेपणाचं म्हणाल तर मी दोन्ही टाक्या शेजारी ठेवते आहे.

लाटांचा_गाव

मूळचा रत्नागिरीचा, नोकरीमुळे सध्या इंदुरात. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

मुलं सुट्टीत कोकणात जातात, खडकांतल्या डबक्यातून शंखात शिरलेला खेकडा बाटलीत घालून घरी आणतात, आणि मग आईवडील नेटवर 'हर्मिट क्रॅब कसा पाळावा' शोधून वाळूची टाकी करतात. तो मरतो. कारण ओहोटीच्या डबक्यातले बहुतेक खेकडे समुद्रातले असतात, ते हवेत फार काळ जगत नाहीत. वेगळं ठेवण्याची वगैरे गोष्ट नंतरची, आधी तुमच्या हातात कोणता आहे ते बघा.

जमिनीवरच्याची खूण सांगतो. त्याची डावी नांगी उजवीपेक्षा स्पष्ट मोठी असते, आणि आत गेला की तीच नांगी दारासारखी शंखाच्या तोंडावर बसते. डोळ्यांचे दांडे जाडसर, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे. डोळ्यांमधल्या आतल्या मिशा लांब आणि मधे कोपरासारख्या वाकलेल्या, त्या सारख्या हवेत हलत असतात कारण तो हवेतला वास घेत असतो. डबक्यातल्या छोट्या खेकड्यांत बरेचदा दोन्ही नांग्या सारख्याच असतात, डोळ्यांचे दांडे बारीक आणि आतल्या मिशा आखूड.

आणि खरं सांगायचं तर डबक्यातला डबक्यातच बरा. मुलांना तिथेच बसवून तासभर बघू द्या. रिकामे शंखही पिशव्या भरभरून आणू नका. तिथल्या वाढत्या खेकड्यांना तेच घर लागतं, आणि काही जातींच्या शंखांना तर वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

सई_मालवा

वाचनखूण साठवली. मुलगा कधीपासून मागे लागलाय, आधी हा धागा पूर्ण वाचून मगच ठरवू.

महूचा_पशुवैद्य

मी महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो, आता गाई-म्हशी आणि कुत्र्यांचीच प्रॅक्टिस आहे. हर्मिट क्रॅबचा तज्ज्ञ नाही. पण मधुराताईंनी औषधाचा मुद्दा काढला, त्यावर लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण यात माझ्याच पेशातली औषधं येतात.

खेकडा, झुरळ, डास, गोचीड हे सगळे संधिपाद. त्यांची मज्जासंस्था बऱ्याच अंशी सारखी चालते. म्हणून झुरळांचा खडू, डासांची वडी, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं द्रवाचं यंत्र, मुंग्यांची पावडर, या सगळ्यांतली पायरेथ्रॉइड गटाची द्रव्यं खेकड्यालाही विष आहेत. आपल्याला वासही येत नाही इतक्या प्रमाणात ती त्याला त्रास देतात. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी पाठीवर टाकतो ते फिप्रोनिल, आणि खरजेसाठी देतो ते आयव्हरमेक्टिन, दोन्ही कवचधारी प्राण्यांना फार घातक. घरात कुत्रा असेल आणि त्याला औषध लावलं असेल तर ते हात टाकीत घालू नका. 'माइट झाले, आयव्हरमेक्टिनचा एक थेंब टाकू का' असं कुणी विचारलं तर उत्तर ठाम नाही.

विलगीकरणाची टाकी कुठे ठेवायची हे यावरूनच ठरवा. आपल्याकडे बहुतेकदा तिला देवघराजवळचा किंवा गॅलरीतला कोपरा मिळतो. उदबत्तीचा धूर, धूप, कापूर तिथे सतत असतो. गॅलरीत पावसाळ्यानंतर डासांसाठी धूर फवारणी होते तेव्हा तो सरळ आत येतो. गल्लीत फवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, टाकीच्या फटीवर ओलं फडकं टाका. दिवाळीआधी पेस्ट कंट्रोल करून घेणार असाल तर टाकी दुसऱ्याच्या घरी हलवा, त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत नाही.

कूलरचं पाणी कधीच वापरू नका. त्यात डासांच्या अळ्या मारायचं औषध टाकलेलं असू शकतं.

तांबंही त्यांना विष. तांब्याच्या कळशीतलं पाणी माणसाला चालेल, खेकड्याला नाही. माशांच्या काही औषधांत तांब्याचे क्षार असतात, दुकानदार सहज देतात, घेऊ नका.

माइट खरंच दिसले तर काय? आधी खात्री करा. वाळूवर, उरलेल्या फळावर फिरणारे पांढरे बारीक किडे बहुतेक कुजकं खाणारे असतात, ते प्राण्याच्या अंगाला लागत नाहीत. उडी मारणारे स्प्रिंगटेल तर बुरशी खातात, उपयोगाचे आहेत. काळजी करायची ती प्राण्याच्या अंगावरच दिसणाऱ्यांची, सांध्यांत, डोळ्यांपाशी, शंखाच्या कडेवर. तसे दिसले तर क्लोरीन काढलेल्या खाऱ्या पाण्यात त्याला शंखासकट बुडू द्या. पाणी खोलीच्या तापमानाचं, शंख बुडेल एवढंच खोल भांडं, चढायला दगड, आणि त्याला स्वतःच बाहेर येऊ द्या. शंखातलं जुनं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर काही किडे निघतात. भांड्यातलं पाणी लगेच फेका. त्याच वेळी टाकीतली वाळू बदला. दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासा, पण रोज रोज अंघोळ नको, त्यानं तो थकतो.

शंखातून ओढून काढायचा प्रयत्न कुणीही करू नये. त्याचं पोट मऊ, वळणदार असतं आणि मागच्या आकड्यांनी तो शंखाच्या आतल्या खांबाला धरून बसतो. ओढलं तर तो फाटेल, सोडणार नाही.

मधुरा_इंदूर

डॉक्टर, मनापासून आभार. कुत्र्याच्या औषधाच्या हाताचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, शेजारी रोज कुत्र्याला खेळवून मुलं आमच्याकडे येतात. आता टाकीपाशी यायच्या आधी हात धुणं सक्तीचं. साबण राहू नये म्हणून साध्या पाण्यानं दोनदा.

त्यात माझी एक भर. कामाचा क्रम पाळायचा. आधी जुन्यांच्या टाकीचं सगळं, खाणं, पाणी, सफाई. मग नव्याचं. उलट कधीच नाही. आणि चमचा, चिमटा, पाणी ओतायचा मग दोन्हीकडचे वेगळे. मी नव्याच्या वस्तूंना लाल दोरा बांधून ठेवला आहे, म्हणजे घरातलं कुणीही चुकणार नाही.

बडोद्याची_वर्षा

मी वडोदऱ्याहून, दांडिया बाजार. आमच्याकडे हवा तुमच्यापेक्षा दमट, त्यामुळे मला पावसाळ्यात काही करावं लागत नाही, उलट जास्तीचीच ओल निघत नाही. थंडीत मात्र सगळं कोरडं होतं.

मला आर्द्रतामापकाबद्दल सांगायचं आहे. बाजारात मिळणारे छोटे डिजिटल मापक दहा-पंधरा टक्के चुकीचं दाखवू शकतात. ८० दिसतंय म्हणून आपण निवांत, आणि खरं ६५ असतं. तपासायची सोपी रीत आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोडंसं पाणी घालून ओला लगदा करा, विरघळवू नका. ते झाकण आणि मापक दोन्ही झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७० दिसलं तर तुमचं मापक ५ कमी दाखवतंय, तेवढं मिळवून वाचायचं. हे काम नव्या टाकीत प्राणी सोडायच्या आधी करावं.

मधुराताई, एक शंका. जो कोरड्यात राहिला आहे त्याला एकदम ८० टक्क्यांत सोडायचं का? मी वाचलं होतं की हळूहळू वाढवायचं.

मधुरा_इंदूर

वर्षाताई, मिठाची रीत सोन्यासारखी आहे, आजच करते.

शंकेबद्दल दोन्ही मतं आहेत. हळूहळू वाढवा म्हणणारे सांगतात की कोरड्यात कल्ल्यांना इजा झालेली असते, एकदम दमट हवा सोसत नाही. दुसरे म्हणतात, गुदमरणाऱ्याला हवा हळूहळू द्यायची नसते. मी मधला मार्ग घेणार. सुरुवात ७० च्या आसपास, काचेची फट जरा मोठी ठेवून, आणि आठवडाभरात फट कमी करत ८० वर. दोन्ही भांडी मात्र पहिल्या मिनिटापासून. पाणी त्याचं तो घेईल, त्यात आपण हात घालायचा नाही.

शांतिवन

विषय वेगळा वाटेल, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. हे प्राणी पिंजऱ्यात जन्मत नाहीत, सगळे समुद्रकिनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. मग आपण त्यांची टाकी किती चांगली करायची यावर बोलतो आहोत, की मुळात पाळायचेच नाहीत यावर बोलायला हवं?

मधुरा_इंदूर

शांतिवन, विषय अजिबात वेगळा नाही. बाजारातले जवळजवळ सगळे पकडलेलेच असतात हे खरं आहे. मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्लं आधी पाण्यात तरंगत वाढतात, मग छोटा शंख शोधून जमिनीवर येतात. घरात हे घडवणं फार अवघड, क्वचित कुणाला जमलं आहे. म्हणून मी विकत घेत नाही आणि कुणाला घ्या असंही सांगत नाही. आमचे चारही कुणीतरी सोडून दिलेले आहेत.

पण जो घरात आलाच आहे त्याचं काय? त्याला नर्मदेत किंवा सिरपूर तलावावर सोडता येत नाही. तिथे खारं पाणी नाही, त्याच्या मापाचे शंख नाहीत, थंडीत रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जातं. दूरच्या कुठल्याही किनाऱ्यावर नेऊन सोडणंही बरोबर नाही, तो कुठल्या बेटावरचा आहे आपल्याला माहीत नसतं आणि त्याच्यासोबत काय जाईल हेही नाही. नीट सांभाळला तर तो दशकभर, त्याहूनही जास्त जगतो. ती जबाबदारी कुणीतरी घ्यायलाच हवी.

शांतिवन

पटलं. सोडून दिलेले घेत असाल तर माझा आक्षेप नाही. जे नव्यानं घ्यायला निघालेत त्यांनी मात्र वरचा प्रतिसाद दोनदा वाचावा.

आजी_तिलकनगर

मी काही पाळत नाही, नात पाळते, पण खाण्याचं मीच बघते. समुद्रफेण काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पक्ष्यांच्या दुकानातही मिळतो. तो कुटून ठेवते. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, पूड करून. कात टाकायला त्यांना कॅल्शियम लागतं ना. सुकट आणते, पण मिठातली नको, म्हणून धुऊन पुन्हा उन्हात घालते. ओलं खोबरं फार आवडतं त्यांना. पपई, केळं, शेंगदाणा कच्चा, वाळलेलं पिंपळाचं पान. फोडणीचं, तिखटामिठाचं काही देऊ नये. नातीचा मित्र शेव घालत होता, मी हात धरला.

नवीन आलेला पहिले दिवस काही खात नाही असं नात म्हणते. तेव्हा ताजं थोडंसं ठेवायचं आणि सकाळी काढून टाकायचं, नाहीतर बुरशी धरते.

सई_मालवा

आजी, पिंपळाचं पान नवीन कळलं! रस्त्याकडेचं नको ना, धूळ आणि गाड्यांचा धूर?

आजी_तिलकनगर

नको नको. आमच्या बागेतलं. धुऊन वाळवते.

रामबागकर

मधुराताई, परत आलो. तुमचं वाचून यावेळी मीही वेगळी टाकी केली आहे, कारण नवीन आलेल्याचा इतिहास मला ठाऊक नाही. तुम्ही म्हणता तशीच, खोल वाळूची. पण तो आल्याच्या दुसऱ्या रात्रीच वाळूत शिरला आणि वर यायचं नाव नाही. मेला की काय असं वाटतं. वरती एक पायही पडलेला मिळाला. उकरून बघू का?

मधुरा_इंदूर

दादा, उकरू नका. कृपा करून उकरू नका.

खोल वाळू द्यायची ती याचसाठी. ताण पडलेला प्राणी सगळ्यांत आधी जमिनीखाली जातो. तिथे अंधार, ओल आणि शांतता मिळते. नुसता विसावत असेल किंवा कात टाकायच्या तयारीत असेल. कात टाकताना तो जुनं कवच फोडून बाहेर येतो, नवं कवच मऊ असतं, आणि मग जुनंच कवच खाऊन त्यातलं कॅल्शियम परत मिळवतो. छोट्याला यासाठी ४ ते ८ आठवडे, मोठ्याला काही महिने लागतात. यात मध्येच उजेड पडला, त्याचं बीळ ढासळलं तर तो बहुधा वाचत नाही.

पाय गळणं हे ताणाचं लक्षण आहे, पण मरणाचं नाही. संकटात ते स्वतःहून पाय सोडतात, आणि पुढच्या कातीला तिथे नवा पाय फुटतो, आधी पारदर्शक जेलीसारखा. एक पाय पडून मग खाली गेला असेल तर तो नवा पाय आणायलाच गेला असेल असं मी धरते.

मेला असेल तर वास सांगेल. कुजक्या मासळीचा उग्र, वाढत जाणारा वास, चुकणार नाही असा. तो येत नसेल तर तो जिवंत आहे असंच समजायचं. वाळूवर खेकडाच मेलेला दिसला तरी आधी हलक्या चिमट्यानं उचलून बघा. पोकळ आणि वजनाला काहीच नाही तर ती कात आहे. तिला फेकू नका, त्याच्या बिळाजवळ ठेवा.

आणि तुम्ही आधी विचारलं होतं, एवढी तयारी कुणासाठी. तो आत्ता दोन बोटं वाळूच्या डब्यात असता तर उघड्यावर कात टाकायला बसला असता. तुम्ही त्याला जागा दिलीत म्हणून तो खाली जाऊ शकला. आता फक्त पाणी बदला, आर्द्रता बघा आणि वाट बघा. ४ आठवड्यांचा हिशेब तो वर येईल त्या दिवसापासून.

रामबागकर

उकरत नाही. वास नाही. वाट बघतो.

लाटांचा_गाव

दादा, धीर धरा. किनाऱ्यावरही कात टाकायच्या दिवसांत ते असेच दिसेनासे होतात.

बडोद्याची_वर्षा

मधुराताई, सगळं नीट झालं, चार आठवडे गेले, माइट नाहीत, खातोय-पितोय. मग जुन्यांत सोडण्याचा दिवस कसा असावा?

मधुरा_इंदूर

आमच्याकडचा नवा अजून वेगळाच आहे. रंगवलेला शंख त्यानं सोडला, गोल तोंडाच्या साध्या शंखात गेला, एवढी प्रगती. पण आधीच्या चौघांना एकत्र आणताना जे पाळलं ते लिहिते.

कॅलेंडर बघून सोडायचा नाही, प्राणी बघून सोडायचा. रात्री बाहेर येतो का, दोन्ही पाण्यांत जातो का, उचलल्यावर पाय लोंबत नाहीत ना, शंख मापाचा आहे का. यातलं एकही नसेल तर अजून थांबायचं. कात टाकून नुकताच वर आला असेल तर कवच कडक होऊन तो नीट चालू-खाऊ लागेपर्यंत थांबायचं, कारण मऊ अंगाच्या खेकड्याला दुसरे खाऊ शकतात. यात क्रूरता नाही, ताज्या कातीचा वास त्यांना अन्नाचा वास वाटतो.

मोठ्या टाकीत कुणी वाळूखाली आहे का हेही बघा. असेल आणि वाळू उथळ असेल तर नवा खणताना त्याच्या बिळात शिरेल. सगळे वर असतील असा दिवस निवडणं उत्तम. तो मिळणार नसेल तर वाळू पुरेशी खोल असल्याची खात्री तरी करा, सगळ्यांत मोठ्या प्राण्याच्या उंचीच्या तिप्पट.

संध्याकाळी, दिवे मंद करून. आधी जुन्यांना भरपूर खाणं द्यायचं, त्यात सुकट आणि खोबरं हवंच, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ कमी पडले की ते एकमेकांकडे वळतात. रिकामे शंख एका जागी ढीग न करता चार ठिकाणी ठेवायचे. मग नव्याला मधोमध नाही, एखाद्या लाकडाच्या आडोशाला ठेवायचं.

मिशांनी मिशांना टोचणं, एकमेकांवर चढून जाणं, हे होणारच, ती त्यांची ओळख करून घ्यायची रीत आहे. हात घालू नका. पण एकानं दुसऱ्याचा शंख दोन्ही बाजूंनी धरून जोरात हलवायला सुरुवात केली, सारखा आपटतो आहे, आणि आतला चिवचिवल्यासारखा आवाज करतो आहे, तर ते शंखासाठीचं भांडण. हल्ला करणाऱ्याच्या मापाचा शंख त्याच्यासमोर ठेवा. तरी थांबला नाही तर त्याला उचलून टोपलीखाली ठेवा, नव्याला नाही. पहिल्या रात्री मी जागी राहते. दुसऱ्या रात्रीपर्यंत बहुतेक वेळा सगळे एकाच ढिगात झोपलेले असतात.

सई_मालवा

शेवटचा प्रश्न. नवा जुन्यांत गेल्यावर वेगळ्या टाकीचं काय करायचं? वाळू फेकायची का? आणि टाकी फिनाइलनं धुवायची का?

मधुरा_इंदूर

फिनाइल नको, सईताई, ब्लीचही नको. काचेच्या सांध्यांतल्या सिलिकॉनला वास धरून राहतो.

माइट दिसले नसतील तर वाळू चांगली आहे, मी तीच परत चाळून, भाजून डब्यात भरून ठेवते. दिसले असतील तर सगळी वाळू, लाकूड, स्पंज बंद पिशवीत घालून कचऱ्यात. शंख आणि दगड उकळायचे. टाकी गरम पाणी आणि व्हिनेगरनं पुसून, दोनदा साध्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवायची. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

आणि टाकी माळ्यावर टाकू नका, हाताशी ठेवा. जुन्यांतला कुणी उघड्यावरच कात टाकायला बसला तर त्याला लगेच वेगळं करायला तीच लागते.